सोमलाचे विष : शरीरावरील परिणाम आणि उपचार

वाईसारख्या विद्येच्या गावी जुन्या घरांतून जपून ठेवलेल्या हस्तलिखित पोथ्या उघडल्या, तर त्यांच्या पानांवर मधूनमधून पिवळे डाग दिसतात. ते काळाने पडलेले डाग नव्हेत. पोथी उतरवून घेताना लेखकाच्या हातून एखादे अक्षर चुकले, तर ते खोडण्याऐवजी त्यावर हरताळाचा लेप देऊन ते झाकून टाकावयाचे आणि लेप वाळल्यावर वर शुद्ध अक्षर लिहावयाचे, अशी रीत होती. एखाद्या गोष्टीचा पुरता नाश करणे या अर्थी 'हरताळ फासणे' हा जो वाक्प्रचार मराठीत रूढ झाला, त्याचे मूळ या रीतीत आहे. हा पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग होय. तांबडी मनशीळ ही त्याचीच बहीण. आर्सेनिकयुक्त धातुके भाजली असता जो धूर निघतो तो थंड होऊन पांढरी पूड जमते. तिला वास नसतो, चव जवळजवळ नसते. हाच सोमल. जुन्या पिढीच्या बोलण्यात सोमल हा शब्द विषाचा पर्याय म्हणूनच येतो.

या एकाच पदार्थापासून दोन अगदी भिन्न आजार उद्भवतात, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. चिमूटभर सोमल एकदम पोटात गेला तर काही तासांत प्राणावर बेतते. उलट, रोजच्या पिण्याच्या पाण्यातून त्याचा लक्षांशाहूनही सूक्ष्म अंश वर्षानुवर्षे पोटात जात राहिला, तर माणूस दहा वर्षे धडधाकट दिसतो आणि नंतर खंगू लागतो. पहिल्या आजारात इस्पितळ, सुई आणि औषध यांचा उपयोग मोठा. दुसऱ्यात औषधाचा उपयोग थोडा आणि पाणवठा बदलण्याचा फार मोठा. शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचा संबंध येतो तो मुख्यत्वे या दुसऱ्या आजाराशी. परंतु पहिला समजल्यावाचून दुसरा नीट उमगत नाही.

पहिल्या प्रकारचे मराठी इतिहासातील सर्वांत गाजलेले प्रकरण बडोद्याचे. गायकवाड घराण्याचा उदय झाला तो साताऱ्याच्या छत्रपतींच्या सेवेत. दमाजी गायकवाडांस 'समशेर बहाद्दर' हा किताब छत्रपती शाहू महाराजांकडून मिळाला होता. या घराण्यातील मल्हारराव महाराज बडोद्याच्या गादीवर असताना त्यांचे आणि इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांचे विकोपास गेले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फेरफटका मारून परतल्यावर फेअर यांनी नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत तोंडाला लावले. दोन-तीन घोटांतच त्यांना मळमळू लागले. उरलेले सरबत त्यांनी फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला आणि मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठविला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे निष्पन्न झाले. १८७५ साली सहा जणांच्या आयोगापुढे महाराजांची चौकशी झाली. तीन इंग्रज सदस्यांनी त्यांना दोषी धरले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघा हिंदी सदस्यांना आरोप शाबीत झाल्याचे पटले नाही. मते समसमान पडली. तरीही राज्यकारभाराच्या गैरव्यवस्थेचे कारण पुढे करून एप्रिल १८७५ मध्ये महाराजांस पदच्युत करण्यात आले आणि मद्रासेस त्यांची रवानगी झाली. राजकारणाचा तो भाग इतिहासकारांकडे सोडून द्यावा. आरोग्याच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची आहे : पेल्यातला गाळ कोणीतरी राखून ठेवला, म्हणून विषाचे नाव कळले. जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८३६ साली सोमल ओळखण्याची खात्रीची कसोटी प्रसिद्ध केली होती. त्यापूर्वी सोमलाने मेलेला माणूस पटकीने गेला असे समजून त्याचे क्रियाकर्म उरकले जाणे अगदी शक्य होते.

कारण लक्षणे तशीच असतात. सोमल पोटात गेल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांच्या आत घशाची आग होऊ लागते, तोंडाला धातूची चव येते, कधी श्वासाला लसणासारखा वास येतो. मग उलट्या सुरू होतात आणि पाठोपाठ तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. पायांत गोळे येतात, अंग गार पडते, रक्तदाब घसरतो. शरीरातील पाणी आणि क्षार इतक्या वेगाने निघून जातात, की त्यानेच मृत्यू ओढवू शकतो. त्यातून वाचला तरी रोग्याच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका काही दिवस राहतो. एक ते तीन आठवड्यांनी हातापायांना मुंग्या येतात, मोज्यांनी झाकला जाणारा भाग बधिर होतो, चालताना पाऊल नीट पडत नाही. महिना-दीड महिना उलटल्यावर नखांवर आडव्या पांढऱ्या रेषा उमटतात. बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. त्यामुळे रेषा मुळापासून किती पुढे सरकली आहे हे मोजून विष केव्हा पोटात गेले असावे याचा अदमास करता येतो.

हे सारे कशामुळे घडते? हरताळाच्या खड्यात आर्सेनिकाची गंधकाशी जी गट्टी दिसते, तीच शरीरात घातक ठरते. अन्नातून शक्ती निर्माण करणारी जी विकरे पेशींत काम करीत असतात, त्यांतील कित्येकांचे काम त्यांच्यातील गंधकाच्या अणूंवर अवलंबून असते. आर्सेनिक नेमके तेथे जाऊन चिकटते आणि विकर निकामी होते. अन्न आहे, प्राणवायू आहे, परंतु पेशीला त्यांचा उपयोग करता येत नाही, अशी ती अवस्था. ज्या अवयवांना शक्तीची गरज अधिक, ते अवयव आधी कोलमडतात. केस आणि नखे यांत गंधकयुक्त प्रथिन पुष्कळ असते, म्हणून तेथेही आर्सेनिक जाऊन बसते व पुष्कळ काळ टिकून राहते. रक्तातून मात्र ते लवकर निघून जाते. यकृत त्याचे रूपांतर करते आणि मूत्रपिंडे त्यातील बराचसा भाग काही दिवसांत लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून संशयित रोग्याच्या रक्तापेक्षा लघवीची तपासणी अधिक उपयोगी पडते. तत्पूर्वी चार-पाच दिवस रोग्याने समुद्राची मासळी खाऊ नये, असे सांगितले जाते. मासळीत निरुपद्रवी स्वरूपाचे आर्सेनिक बरेच असते आणि त्यामुळे तपासणीचा आकडा विनाकारण फुगतो.

इलाजाची युक्तीही गंधकाच्या याच मैत्रीवर आधारलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रू ल्युइसाइट नावाचा आर्सेनिकयुक्त विषारी पदार्थ वापरील, या भयाने ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उतारा शोधून काढला व त्याची माहिती १९४५ साली प्रसिद्ध केली. त्याचे नाव डायमरकॅप्रॉल. त्याच्या रेणूत गंधकाचे दोन अणू असे शेजारी शेजारी असतात, की आर्सेनिक पेशीतील विकर सोडून त्यांच्याकडे ओढले जाते आणि ते जोडपे लघवीवाटे बाहेर पडते. हे औषध शेंगदाण्याच्या तेलात मिसळलेले असते आणि स्नायूत खोलवर, दर काही तासांनी टोचावे लागते. ते फार दुखते व त्याचे स्वतःचेही दुष्परिणाम आहेत. सक्सीमर हे त्याच जातीचे, परंतु तोंडाने घ्यावयाचे आणि सौम्य औषध नंतर उपलब्ध झाले. शुद्धीवर असलेल्या आणि उलट्या थांबलेल्या रोग्यास ते देता येते. उतारा जितका लवकर, तितका गुण अधिक. त्याआधी, आणि त्याच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे शिरेतून भरपूर सलाईन देणे, हृदयाच्या आलेखावर सतत लक्ष ठेवणे आणि मूत्रपिंडांनी दगा दिल्यास डायलिसिसची सोय करणे. इतर विषांवर उपयोगी पडणारी कोळशाची पूड सोमलाला फारशी जुमानत नाही.

यातील बहुतेक गोष्टी गावात होण्यासारख्या नाहीत. गावात करावयाचे ते थोडे आहे, परंतु बहुधा तेच चुकते. मिठाचे पाणी पाजून उलट्या करविणे, ताक किंवा तूप पाजणे, लिंबू चोखावयास देणे, यांत वेळ जातो आणि गुंगीतल्या रोग्याच्या श्वासनलिकेत पातळ पदार्थ गेल्यास दुसरेच संकट उभे राहते. रोग्याला कुशीवर निजवावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सलाईन लावून त्यास मिरज किंवा सातारा येथील मोठ्या रुग्णालयाकडे हलवावे. जाताना पुडीचा कागद, डबा, पेला किंवा उलटीचा थोडा अंश बाटलीत घालून बरोबर न्यावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरला उतारा निवडण्यास त्याची मोठी मदत होते. एकाच घरातील तीन-चार माणसांना एकाच जेवणानंतर पटकीसारखी लक्षणे दिसली आणि शेजारपाजारी कोणालाच काही झाले नाही, तर आरोग्य कर्मचाऱ्याच्या मनात विषबाधेची शंका यावयास हवी.

आता दुसरा आजार.  १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे ग्रामीण बंगालमधून काही रोगी आले. त्यांच्या अंगावर पावसाचे थेंब पडून वाळावेत तसे काळे-पांढरे ठिपके होते, तळहात व तळपाय खरखरीत होऊन त्यांवर चामखिळीसारखे कठीण दाणे उठले होते. डॉ. साहांनी हा आर्सेनिकाचा परिणाम असल्याचे ओळखले, आणि शोध घेता घेता तो रोग्यांच्या गावातील कूपनलिकांपर्यंत पोचला. पुढे जाधवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगेच्या खोऱ्यातील हजारो कूपनलिकांचे पाणी तपासले. बांगलादेशात हे विष १९९३ मध्ये आढळले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या लेखात त्या देशातील साडेबारा कोटी लोकांपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक असे पाणी पीत असावेत, असा अंदाज देण्यात आला होता. खेदाची गोष्ट अशी, की या कूपनलिका लोककल्याणाच्या हेतूनेच खणल्या गेल्या होत्या. तळ्या-डबक्यांच्या पाण्याने पटकी आणि अतिसार होऊन मुले दगावत, ती वाचावीत म्हणून जमिनीखालचे स्वच्छ पाणी वर आणले गेले. त्या पाण्यात जंतू नव्हते, ही गोष्ट खरी होती. आर्सेनिक आहे किंवा काय, हे कोणी तपासले नव्हते.

हा आजार इतका सावकाश येतो, की रोगी त्याचा संबंध पाण्याशी जोडत नाही. पाण्याला वास नाही, रंग नाही, चव गोड. त्वचेवरील खुणा उमटण्यास बहुधा पाच ते दहा वर्षे लागतात. दरम्यान थकवा, खोकला, यकृताची सूज, हातापायांची जळजळ अशा तक्रारी सुरू होतात. त्या कशानेही होऊ शकतात. गर्भवती स्त्रीच्या वारेतून आर्सेनिक गर्भापर्यंत पोचते. लहान मुलांच्या बौद्धिक वाढीवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो, असे बांगलादेशात केलेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. सर्वांत मोठे भय कर्करोगाचे : त्वचेचा, मूत्राशयाचा आणि फुप्फुसाचा. चिली देशातील आंतोफागास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात नदीचे जे पाणी पुरविले गेले, त्यात दर लिटरला सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. पुढे शुद्धीकरणाची यंत्रणा बसवून ते प्रमाण खाली आणले गेले. तरीही त्या बारा वर्षांत पाणी प्यालेल्या पिढीत फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढील कित्येक दशके अधिकच राहिले. पाणी बदलण्यास झालेला विलंब शरीर विसरत नाही, असा याचा अर्थ.

शिक्षकांनी आणि आशा कार्यकर्तींनी ध्यानात ठेवावयाची गोष्ट आणखी एक आहे. अंगावर चट्टे, हातापायांना बधिरपणा, तळपायाला भेगा, एवढे ऐकले की खेड्यात पहिला संशय येतो तो कुष्ठरोगाचा. बंगालमध्ये नेमके तेच झाले. मुलींची लग्ने मोडली, बायकांना माहेरी धाडण्यात आले, मुलांना शाळेत वेगळे बसविले गेले. वास्तविक आर्सेनिकाचा आजार संसर्गजन्य नाही, आणि कुष्ठरोगही औषधाने बरा होणारा असल्याने त्याच्या नावाने कोणाला वाळीत टाकण्याचे कारण आज उरलेले नाही. दोहोंतील फरक डॉक्टरांनी ठरवावयाचा, परंतु काही खुणा साध्या आहेत. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा स्वतःच बधिर असतो आणि शरीराच्या एका बाजूस असू शकतो. आर्सेनिकाचे ठिपके व दाणे दोन्ही बाजूंस सारखे असतात, आणि एकाच हातपंपाचे पाणी पिणाऱ्या घरांत ते अनेकांना दिसतात.

या दुसऱ्या आजारावर उतारा देऊन पाहण्यात आला नाही असे नव्हे. कोलकात्याचे डॉ. गुहा मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही रोग्यांना सक्सीमर आणि काहींना औषधासारखी दिसणारी परंतु औषध नसलेली गोळी दिली. दोन्ही गटांना आराम पडला, आणि तोही सारखाच. दोन्ही गटांचे दूषित पाणी मात्र बंद झालेले होते. दुसऱ्या एका उताऱ्याने काहीसा अधिक गुण आल्याचे त्यांनाच पुढे आढळले. तरी पाणी तेच ठेवून औषध देत राहणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे, ही गोष्ट या प्रयोगाने स्पष्ट झाली. म्हणून इलाजाचा क्रम असा पडतो : पाणी तत्काळ बदलावे, आहारात डाळी, अंडी, दूध, हिरव्या भाज्या यांचे प्रमाण वाढवावे, कारण कुपोषित शरीराला आर्सेनिक बाहेर टाकणे जड जाते, विडी आणि सिगारेट सोडावी, कारण धूर आणि आर्सेनिक मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढवितात. तळव्यांवरील जाड त्वचेला सॅलिसिलिक आम्लाच्या मलमाने मऊपणा येतो आणि कामकरी माणसाच्या दृष्टीने हा दिलासा लहान नाही. जो दाणा वाढू लागेल, चिघळेल किंवा ज्यातून रक्त येईल, तो शस्त्रक्रियेने काढून तपासावयास पाठवावा. पाणी सुटल्यानंतरही अशा रोग्याची वर्षाकाठी एकदा तपासणी चालू ठेवावी लागते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा यात संबंध काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील जमीन हिमालयातून वाहून आलेल्या गाळाची आहे. त्या गाळातील लोहाच्या गंजावर आर्सेनिक चिकटलेले असते. खोल थरांत प्राणवायू संपला, की तेथील सूक्ष्म जंतू तो गंज विरघळवितात आणि आर्सेनिक पाण्यात सुटे होते. महाबळेश्वरापासून जतपर्यंतचा प्रदेश लाव्हारसाच्या थरांचा, काळ्या कातळाचा आहे. येथे तो गाळही नाही आणि तशी खोल, कोंडलेली पाणथरेही सहसा नाहीत. उघड्या विहिरीतील पाण्याला हवा लागत असते. तेव्हा येथील विहिरीला बंगालच्या कूपनलिकेइतके भय नाही, असे म्हणता येईल. परंतु खडक बदलला की हिशेब बदलतो. छत्तीसगडमधील अंबागड चौकी भागात, म्हणजे आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या शेजारी, कौडीकसा नावाचे गाव आहे. तेथील कातळ जुना, वेगळ्या जातीचा आहे. या गावातील पाण्यात आर्सेनिक आणि गावकऱ्यांच्या अंगावर त्याच्या खुणा असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तेथे कूपनलिकांबरोबर काही साध्या विहिरीही दूषित निघाल्या.

शिवाय साताऱ्या-सांगलीची माणसे साताऱ्या-सांगलीतच राहतात असे कोठे आहे? खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे माण-खटाव या दुष्काळी तालुक्यांतील कित्येक घरांतील कर्ती माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत. सराफ पेठ असलेले क्वचितच एखादे शहर असेल, की जेथे विट्याकडच्या माणसाची भट्टी नाही. उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगाल याला अपवाद नाहीत. भट्टीतील आम्लाचा धूर आणि शिसे यांचा या कारागिरांना असलेला त्रास हा स्वतंत्र विषय आहे. परंतु गंगेच्या काठी वीस वर्षे राहून, तेथील हातपंपाचे पाणी पिऊन कोणी कारागीर यात्रेसाठी किंवा शेवटच्या विसाव्यासाठी गावी परतला, त्याच्या तळहातावर दाणे असले, आणि गावच्या डॉक्टरने ते हातोडीचे आणि चिमट्याचे घट्टे समजून सोडून दिले, तर चूक कोणाची म्हणावी? घट्टा पडतो तो हत्यार लागते त्या जागी. तळपायाला हत्यार लागत नाही. या भागातील दवाखान्यांत केसपेपरवर नाव, गाव, वय यांच्या जोडीला 'कोठे राहिलात आणि कोणते पाणी प्यालात' एवढा एक प्रश्न विचारला गेला, तरी पुष्कळ काम होईल. गावी राहिलेल्या कुटुंबालाही परगावच्या माणसांना एक निरोप धाडता येईल : हातपंपाचे पाणी एकदा तपासून घ्या.

जवळच्या धोक्यांत औषधाच्या पुड्यांचा उल्लेख केला पाहिजे. सोमल हे औषध म्हणून जगभर वापरले गेले आहे. इंग्लंडात १७८६ पासून फाउलर यांचे आर्सेनिकाचे द्रावण ताप, दमा, त्वचारोग अशा अनेक विकारांवर दिले जाई आणि पुढे ते घेणाऱ्या रोग्यांच्या तळहातांवर दाणे आणि कर्करोग दिसू लागले. आयुर्वेदात हरताळ, मनशीळ आणि सोमल यांची शोधनक्रिया सांगितली आहे. सोमलाला तेथे गौरीपाषाण म्हणतात. औषधविषयक नियमांच्या ई-१ या अनुसूचीत या द्रव्यांची नावे असून ती असलेले औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. अधिकृत वैद्याचा प्रश्न येथे नाही. आजच्या आधुनिक वैद्यकातही रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर आर्सेनिकाचेच औषध रुग्णालयात, हृदयावर लक्ष ठेवून, दिले जाते. प्रश्न आहे तो आठवडी बाजारात आणि जत्रेत विकल्या जाणाऱ्या, वेष्टन नसलेल्या, दम्यावर किंवा सांधेदुखीवर रामबाण म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांचा. अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. ही तर नाव छापलेली औषधे होती. बिननावाच्या पुडीत काय आहे, हे ती विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. वर्ष-दोन वर्षे अशी पुडी घेणाऱ्या वृद्धाचे पाय बधिर झाले, तर ते वयामुळे असे समजण्याआधी पुडी डॉक्टरला दाखवावी.

पाण्याकडे वळताना आकड्याची कल्पना नीट असावी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकाचे प्रमाण दर लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. हा आकडा डोळ्यांपुढे आणावयाचा, तर गावच्या एक लाख लिटरच्या टाकीत एक ग्रॅम. एवढ्या सूक्ष्म अंशाची चाहूल जिभेला किंवा डोळ्याला लागणे अशक्य. आणि जंतूंसाठी आपण जे करतो, त्याचा येथे उपयोग नाही. टीसीएल पावडरने जंतू मरतात, आर्सेनिक तसेच राहते. पाणी उकळल्याने ते कमी होत नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढते. तुरटी आणि गाळणी यांवर एकट्यादुकट्याने भिस्त ठेवू नये. उपयोगी पडतो तो लोहाचा गंज. १८३४ साली बुन्सेन आणि बेर्टोल्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी ताजा लोहाचा गंज सोमलावर उतारा म्हणून सुचविला होता. आज बंगालमधील अनेक शुद्धीकरण यंत्रांत तेच तत्त्व वापरले जाते. परंतु यंत्रातील द्रव्य वेळोवेळी बदलावे लागते आणि निघालेल्या विषारी गाळाची विल्हेवाट लावावी लागते. देखभालीची तरतूद न करता यंत्र बसविणे म्हणजे गावाला खोटा धीर देणे होय. दुसरा सुरक्षित स्रोत जवळ असेल तर तोच बरा.

बांगलादेशात २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासून सदोष नलिकेला तांबडा आणि निर्दोष नलिकेला हिरवा रंग देण्यात आला. पाणी भरणाऱ्या बायकांना वाचता येत नसले, तरी रंग कळत होता, आणि शेजारच्या हिरव्या नळावर जाण्याची वाट बहुतेक ठिकाणी दूर नव्हती. पुढे रंग उडाला, नव्या नलिका खणल्या गेल्या आणि त्यांची तपासणी मागे पडली, हेही त्याच अनुभवातून शिकण्यासारखे आहे. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. ते कार्ड मुख्यतः जंतुदूषणाचा धोका दाखविते. हिरवे कार्ड मिळाले म्हणजे पाण्यातील फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक यांची चिंता मिटली, असा समज काही सरपंचांचा होतो; तो बरोबर नाही. त्यांसाठी रासायनिक तपासणी वेगळी करावी लागते. माण, आटपाडी, जत या भागांत दर उन्हाळ्यात विंधन विहिरी अधिकाधिक खोल जात आहेत. नव्या खोलीचे पाणी नव्या स्रोताचे पाणी समजूनच तपासले पाहिजे.

ही तपासणी अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायत अधिकारी आणि जलसुरक्षक यांनी प्रयोगशाळेकडून बाटली मागवून घ्यावी. धातूंच्या तपासणीसाठी देण्यात येणाऱ्या बाटलीत थोडे आम्ल घालावे लागते. ते प्रयोगशाळेने सांगितल्याप्रमाणेच घालावे, बाटली घरी धुऊन काढू नये. हातपंप चार-पाच मिनिटे हापसून, नळीत साचलेले पाणी जाऊ द्यावे आणि मग बाटली भरावी. चिठ्ठीवर गावाचे नाव, वाडीचे नाव, विंधन विहिरीची खोली, ती कोणत्या साली खणली आणि नमुना कोणत्या तारखेस घेतला, हे लिहावे. आर्सेनिकाची तपासणी हवी असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे, कारण नेहमीच्या यादीत ती असतेच असे नाही. निकाल आला, की तो दप्तरात न ठेवता पंचायतीच्या फळ्यावर लावावा, आणि शाळेच्या हातपंपाचा निकाल शाळेत.